विषयाची आवड ओळखावी कशी?

दहावीचा निकाल हाती आला, म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी एक ठराविक देखावा दृष्टीस पडतो. पुढे वडील, त्यांच्या मागे अंग चोरून उभा असलेला मुलगा अथवा मुलगी, आणि वडिलांच्या हाती घडी घातलेली गुणपत्रिका. "सर, आता याला कोणत्या शाखेला घालावे?" असा त्यांचा प्रश्न असतो. आम्ही गुणपत्रिका उलगडतो, गणित व विज्ञान या दोन ओळींवरून नजर फिरवितो आणि दोन-चार मिनिटांत उत्तर देऊन मोकळे होतो. सदऱ्याचे माप घेण्यास शिंपीदेखील याहून अधिक वेळ घेतो; येथे तर एका मुलाच्या पुढील पाच-सात वर्षांचा, किंबहुना उभ्या आयुष्याचा, प्रश्न असतो.

ज्याच्याविषयी हा खल चाललेला असतो, त्या मुलास बहुधा कोणी काही विचारीत नाही. आणि 'तुला स्वतःला काय आवडते?' असे कोणी विचारलेच, तर तो खाली मान घालतो. हा त्याचा दोष नव्हे. जी वस्तू आपण कधी हाती धरून पाहिली नाही, तिची पारख आपणांस कशी सांगता येणार? महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वी आपली आवड कोणत्या विषयात आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः पारखून घेतले पाहिजे. आणि ही पारख शाळेत असतानाच, आपल्या गावी राहून, फारसा पैसा न खर्चिता करता येते, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

आमच्या हातून झालेली चूक

प्रथम आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून पुढील उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका किल्ल्याच्या पायथ्याच्या खेड्यातून एक मुलगा आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहावयास आला होता. त्याच्या घरी एका जुन्या पेटीत मोडी लिपीतील काही कागद होते. नववीत असताना त्याने कोठून तरी मोडी बाराखडीचे एक लहानसे पुस्तक मिळविले, आणि सुटीत घरी जाऊन तो ते कागद लावू लागला. त्याने एक वही केली होती. वहीच्या डाव्या पानावर तो मोडी मजकूर जसाच्या तसा उतरून काढी आणि उजव्या पानावर त्याचे बाळबोध वाचन लिही. जो शब्द लागला नसेल, तेथे जागा कोरी सोडी. एके दिवशी ती वही त्याने आम्हांस दाखविली. आम्ही ती चाळली, शेवटी तांबड्या शाईने 'छान' असे लिहिले आणि परत दिली.

दहावीत त्यास गणित व विज्ञान या विषयांत चांगले गुण मिळाले. वडिलांनी नेहमीचा प्रश्न केला व आम्ही नेहमीचे उत्तर दिले. मुलगा विज्ञान शाखेत गेला. शुल्क व शिकवणी यांच्या खर्चाकरिता वडिलांनी घरची दुभती म्हैस विकली. बारावीत तो दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला. अनुत्तीर्ण होणे ही काही मोठी आपत्ती नव्हे. परंतु त्याचे वडील भेटावयास आले तेव्हा जे बोलले, ते आम्ही विसरू शकत नाही. ते म्हणाले, "सर, पोरगा जेवतो, झोपतो, पण घरात असल्यासारखा वाटत नाही." पुढे एक वर्ष गमावून त्याने शाखा बदलली, इतिहास हा विषय घेऊन तो पदवीधर झाला, आणि आज जुने मोडी कागद वाचून देण्याच्या कामावर तो आपला चरितार्थ चालवितो. त्याच्या वडिलांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. परंतु तांबड्या शाईतला तो 'छान' हा शब्द आम्हांस आजही टोचतो. त्या मुलाने आपली आवड आमच्या हाती आणून दिली होती. आम्ही तीवर शेरा मारला आणि गुणपत्रिका मात्र लक्षपूर्वक वाचली.

फसव्या खुणा

आवड ओळखताना मनुष्य फसतो, तो बहुधा तीन खुणांनी.

पहिली खूण गुणांची. गुणांवरून विद्यार्थ्यास काय जमते हे काही अंशी कळते. तो काय आनंदाने करीत राहील, हे कळत नाही. ज्यास गणितात उत्तम गुण आहेत त्यास ते केवळ आज्ञाधारकपणामुळेही मिळालेले असू शकतात.

दुसरी खूण शिक्षकाची. एखादा शिक्षक प्रेमळ असतो, गोष्टी सांगून शिकवितो, आणि मुले म्हणू लागतात की आम्हांस भूगोल फार आवडतो. त्यांना आवडत असतो तो शिक्षक. पुढील वर्षी तो शिक्षक बदलला की भूगोलाची गोडीही ओसरते. ही परीक्षा प्रत्येकाने स्वतःशी करून पाहावी: तो शिक्षक नसता, तर आपण हा विषय हाती घेतला असता काय?

तिसरी खूण लौकिकाची. शेजारचा मुलगा अभियंता झाला, आत्याची मुलगी डॉक्टर झाली, तेव्हा आपणही तेच व्हावे, असे वाटू लागते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण अशा वेळी ध्यानात ठेवावी. डोंगर चढण्यास कोणाची मनाई नाही. मात्र चढण्यापूर्वी त्याच्या पायथ्याशी जाऊन दोन पावले चालून पाहिली पाहिजेत.

किर्लोस्करवाडीचा धडा

अशी दोन पावले चालून पाहिल्याने काय घडते, याचे उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. किर्लोस्करवाडी हे रेल्वेचे स्थानक आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ती वसाहत व तेथील कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. बालपणी त्यांना चित्रे काढण्याचा नाद होता. चित्रकार व्हावे या हेतूने ते मुंबईस गेले व सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. तेथे अभ्यास चालू असता असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांस रंगांचा भेद पुरतेपणी कळत नाही. ज्यास रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा एखादा तरुण अशा प्रसंगी हताश होऊन घरी परतला असता.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले. रेघ सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. यंत्रांची चित्रे काढता काढता यंत्रांचीच ओढ लागली. पुढे बेळगावास सायकलींचे दुकान, मग शेतीची अवजारे, आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीतील कुंडल गावानजीकच्या ओसाड माळावर कारखाना, असा त्यांचा प्रवास झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस जागा व साहाय्य दिले. आणि योगायोग असा की, हे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधच्या ज्या संग्रहालयात आज आपण चित्रे पाहावयास जातो, ते त्यांनीच उभारलेले आहे.

या चरित्रातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली अशी की, 'मला चित्रकला आवडते' या एका वाक्यात अनेक आवडी दडलेल्या असतात. कोणास रंग आवडतो, कोणास रेघ, कोणास वस्तूची घडण. लक्ष्मणरावांच्या आवडीतला रंग गळून पडला. रेघ व घडण ही उरली आणि त्यांतून नांगर निर्माण झाला. म्हणून विषयाचे केवळ नाव घेऊन थांबू नये. त्या विषयातले नेमके काय आपणांस धरून ठेवते, ते पाहावे. आमच्या त्या मोडी वाचणाऱ्या विद्यार्थ्यास जुना काळ आवडत होता, की लिपीचे वळण आवडत होते, की कोडे सोडविण्यात आनंद वाटत होता? कोड्याचाच आनंद असता तर कदाचित गणित हाच त्याचा विषय ठरला असता. आम्ही त्यास विचारले असते, तर कोऱ्या सोडलेल्या त्या जागांविषयी तो तासभर बोलला असता, आणि खरे काय ते आम्हां दोघांसही कळून आले असते.

दुसरी गोष्ट अशी की, आपणांस काय साधणार नाही, हेही हात घातल्यावाचून कळत नाही. करून पाहिल्यावर जी नावड कळून येते, ती नुकसानीत धरू नये. ती जितकी लवकर कळेल तितकी स्वस्त पडते. नववीत कळली तर एका वहीची किंमत. बारावीनंतर कळली तर एका म्हशीची.

एक नदी, अनेक प्रश्न

आता पारख करावी कशी, याकडे वळू. आम्ही वर्गात करून पाहिलेला एक सोपा पाठ प्रथम सांगतो.

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेस आलेला महापूर सांगलीकरांच्या विस्मरणात जाणे शक्य नाही. १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर चढले. पूर ओसरून शाळा पुन्हा भरली तेव्हा आम्ही मुलांस सांगितले की, या पुराविषयी प्रत्येकाने आपल्या मनातला एकच प्रश्न कागदावर लिहून द्यावा. उत्तर लिहू नये, केवळ प्रश्न लिहावा.

एकाने लिहिले, 'कोयना धरणातून सोडलेले पाणी सांगलीस पोचण्यास किती तास लागतात?' दुसरीने लिहिले, 'इशारा मिळाला असूनही माझी आजी घर सोडावयास का तयार होईना?' तिसऱ्याने विचारले, 'गोदामातील हळद भिजली, तर तोटा शेतकऱ्याचा की व्यापाऱ्याचा?' चौथीचा प्रश्न होता, 'पूर उतरल्यावर कोणते रोग पसरतात व का?' आणि मागच्या बाकावरील एका अबोल मुलाने लिहिले, 'पूर्वी असे पाणी केव्हा आले होते, आणि ते कोणी लिहून ठेवले आहे काय?'

वाचकहो, पूर एकच. परंतु पहिला प्रश्न अभियंत्याचा आहे, दुसरा मनुष्यस्वभावाचा अभ्यास करणाऱ्याचा किंवा कथालेखकाचा, तिसरा अर्थशास्त्राचा, चौथा वैद्यकाचा आणि पाचवा इतिहासाचा आहे. आपल्या मनात आपोआप कोणत्या जातीचा प्रश्न उठतो, हे न्याहाळणे ही आवड ओळखण्याची पहिली पायरी होय. गुणपत्रिकेत याची नोंद नसते. हा पाठ कोणाही पालकास घरी करता येईल. त्यास पूरच यावा लागतो असे नाही. बाजाराचा दिवस, गावची यात्रा, शेतातील विहीर, यांपैकी काहीही चालेल.

पारख करण्याची रीत

प्रश्न उमटला, म्हणजे आवड सिद्ध झाली असे नव्हे. ती कसोटीस लावली पाहिजे. त्याकरिता पुढील रीत आम्ही सुचवितो.

नववीच्या आरंभापासून दर तिमाहीस दोन विषय निवडावेत. एक मनास ओढणारा, आणि दुसरा ज्याचा आपण कधी विचारही केला नाही असा. प्रत्येकातील एक लहानसा प्रश्न घ्यावा, त्यास चार आठवडे रोज अर्धा तास द्यावा, आणि जे पाहिले, वाचले, मोजले ते दिनांक घालून वहीत लिहावे. यांत तिसरा आठवडा सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात नवलाई असते, दुसऱ्यात ती ओसरते, आणि तिसऱ्यात कंटाळा येऊ लागतो. जो विषय कंटाळा आल्यावरही आपणांस पुन्हा वहीकडे खेचून आणतो, त्यात आपली खरी आवड आहे असे समजावे. शेवटी, त्या विषयावर पोट भरणाऱ्या एखाद्या गृहस्थास किंवा बाईंना भेटून एक प्रश्न अवश्य विचारावा: 'आपल्या कामातला सर्वांत रटाळ भाग कोणता?' तो रटाळ भाग ऐकूनही ज्याचा उत्साह मावळत नाही, त्याने खुशाल पुढे जावे.

अशा अभ्यासास आपले दोन्ही जिल्हे किती संपन्न आहेत, पाहा. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावरील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. असे का व्हावे? सरळ उभ्या कडांचे एक भांडे आणि मोजपट्टी यांनी आपल्या अंगणातील पाऊस कोणासही मोजता येतो. महाबळेश्वराकडील नातेवाइकाकडून तेथील आकडा मागवून घ्यावा व दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत. चार महिने नेमाने मोजणी करणाऱ्या मुलास भूगोल व पदार्थविज्ञान यांची खरी तोंडओळख होते.

साताऱ्याजवळील कासचे पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशात गणले गेले. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे उमलणारी रानफुले पाहावयास हजारो लोक जातात आणि छायाचित्रे घेऊन परततात. वनस्पतिशास्त्राची आवड पारखू पाहणाऱ्याने छायाचित्र न घेता एकाच फुलाचे चित्र काढावे. पाकळ्या मोजाव्यात, पाने कशी निघतात ते पाहावे, फुलावर कोणता कीटक बसतो ते टिपावे. फूल तोडू मात्र नये. तेथील टोपली कारवी सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते. ती मधल्या सहा वर्षांत काय करीत असते, असा प्रश्न ज्यास पडला, तो त्या शास्त्राचाच विद्यार्थी समजावा.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. त्याच्या आठवणी सांगणारी वडील माणसे पाटण तालुक्यात अजून भेटतात. या भूकंपांचा शोध घेण्याकरिता केंद्र शासनाची एक प्रयोगशाळा कराड येथे असून, त्या कामी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले आहे. भूकंपशास्त्र म्हणून एक विषय आहे आणि त्याचे काम आपल्या घरापासून इतक्या जवळ चालते, हे आपल्यापैकी किती मुलांस ठाऊक असेल? शाखा तीन असल्या तरी विषय शेकडो आहेत; आणि पुष्कळ मुले आपल्या विषयास मुकतात ती त्याचे नावच न ऐकल्यामुळे.

ज्यास व्यापाराची गोडी वाटते, त्याने सांगलीच्या हळदीचा भाव महिनाभर रोज वहीत उतरून घ्यावा. या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भाव आज का चढला व काल का उतरला, याचे कारण रोज एका ओळीत लिहावे आणि महिन्याच्या शेवटी आपली किती कारणे खरी ठरली ते मोजावे. त्यात बहुतेक चुकीची ठरतील. पण चुकीची का ठरली, हे शोधण्यात ज्यास रस वाटेल, त्यास अर्थशास्त्र कधी रुक्ष वाटणार नाही.

वैद्यकाकडे ज्यांचा ओढा आहे, त्यांना मिरज जवळ आहे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले. तेव्हापासून त्या नगराचे नाव रुग्णसेवेशी जोडले गेले आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने डॉक्टर व्हावे, असे घरीदारी ठरून गेलेले होते. दिवाळीच्या सुटीत आजारी आजीच्या सोबतीस ती मिरजेच्या एका रुग्णालयात आठ दिवस राहिली. ती भ्याली नाही. परंतु रुग्णांच्या खाटांपाशी तिचे मन रमेना. औषधे देण्याच्या खिडकीशी मात्र ती रोज जाऊन उभी राही. हे औषध जेवणापूर्वी व ते जेवणानंतर का, ही दोन औषधे एकत्र का घ्यावयाची नाहीत, असे तिचे प्रश्न चालत. परत आल्यावर तिने वडिलांस सर्व मोकळेपणाने सांगितले. आज ती औषधनिर्माणशास्त्र शिकत आहे. लक्ष्मणरावांचा रंग गेला व रेघ राहिली, तसेच हे झाले.

इतिहासाची आवड असणाऱ्यास तर पायाखालची भूमीच ग्रंथ आहे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकविणारे शिक्षक होते. पटवर्धन घराण्याच्या दप्तरांतील पत्रे वाचून, निवडून, त्यांनी ऐतिहासिक लेखसंग्रहाचे अनेक खंड प्रसिद्ध केले. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी जुने कागद व चित्रे जमविण्यात आयुष्य वेचले. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पेटीतील कागद वाचणाऱ्या मुलास ही दोन नावे आम्ही त्याच वेळी सांगावयास हवी होती.

मिटलेली दारे

येथे कोणी म्हणेल की, ज्यांस निवड करण्याची मोकळीक आहे त्यांच्याकरिता हे सर्व ठीक. ज्यांना परिस्थिती निवडच करू देत नाही त्यांनी काय करावे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर साताऱ्याच्याच एका विद्यार्थ्याच्या चरित्रात सापडते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. २०१७ सालापासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शालेय वयात त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. परंतु ते अस्पृश्य मानलेल्या जातीतले, म्हणून तो विषय त्यांस घेऊ देण्यात आला नाही व नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. दार असे मिटले गेले, तरी आवड विझली नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृतचा अभ्यास केला.

मुंबईस राहावयास गेल्यावर हा मुलगा शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन पुस्तक वाचीत बसे. त्याच बागेत येणारे शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यास हेरले, त्याची चौकशी केली, वाचावयास पुस्तके दिली. आणि तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यास भेट दिले. महाविद्यालयात जाण्यापूर्वी हाती पडलेले ते पुस्तक त्यांच्या आयुष्यात किती दूरवर पोचले, हे १९५६ साली साऱ्या जगाने पाहिले.

केळुसकरांनी त्या मुलाची गुणपत्रिका पाहिली नव्हती. रोज संध्याकाळी बागेत वाचीत बसलेला मुलगा त्यांनी पाहिला. शिक्षकाच्या व पालकाच्या अंगी असावी अशी जी दृष्टी, ती हीच. आणि ती आमच्या ठायी त्या दिवशी नव्हती, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

पालकांस दोन शब्द

"आवडीने पोट भरते काय?" असे पालक विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याने म्हैस विकली त्यास तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आमचे म्हणणे इतकेच की, पोटाचा विचार करावयाचा झाला तरी नावडते शिक्षण हा महागडा सौदा ठरतो. कारण त्यात वर्षे जातात, पैसा जातो, आणि मुलाचा स्वतःवरील विश्वास जातो, जो पुन्हा विकत मिळत नाही. आवडीचा विषय उपजीविकेस पुरणार नाही असे दिसल्यास उपजीविकेचा दुसरा मार्ग जोडीस घ्यावा. परंतु तोही डोळे उघडे ठेवून, पारखून घ्यावा.

कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. उपजीविकेकरिता त्यांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकले, साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्याचे काम केले. नांगर विकण्याकरिता ते खेडोपाडी हिंडत, तेव्हा त्यांच्या दृष्टीस पडत ती शाळेवाचून वाढणारी मुले. मनुष्य कोणत्याही कामात असो, त्याची दृष्टी कोठे जाऊन थांबते यावरून त्याचा खरा विषय कळतो. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून, श्रम करून शिकण्याची वाट गरीब विद्यार्थ्यांस मोकळी करून दिली. तेव्हा केवळ पैसा नाही म्हणून आवड दडपून टाकण्याचे कारण नाही; वाट वळणाची असेल, पण ती आहे.

पालकांनी आपल्या मुलांकरिता एवढे करावे: त्यांच्या वह्यांकडे, त्यांच्या प्रश्नांकडे, सुटीत ती न सांगता काय करतात तिकडे लक्ष द्यावे, निदान एकदा त्यांस एखाद्या वाचनालयात, कारखान्यात, बाजारपेठेत, रुग्णालयात घेऊन जावे, आणि 'हे मला आवडले नाही' असे मुलाने प्रांजळपणे सांगितले, तर त्यावर रागावू नये.

विद्यार्थ्यांनो, शुभवर्तमानातील रुपयांचा दृष्टांत तुम्ही उपासनेच्या वेळी ऐकला आहे. धन्याने तीन चाकरांस धन सोपवून दिले, त्यांतील दोघांनी ते व्यवहारात घातले आणि तिसऱ्याने भयापोटी जमिनीत पुरले. धन्याने त्या तिसऱ्यास दोष दिला, तो त्याने धन बुडविले म्हणून नव्हे. त्याने ते मुळी वापरूनच पाहिले नाही म्हणून. देवाने तुम्हांस कोणते धन दिले आहे, ते आम्ही सांगू शकत नाही, तुमचे आईवडीलही सांगू शकत नाहीत. ते बाहेर काढून, चार दिवस हाताळून, तुम्हांलाच पाहावे लागेल.

यंदापासून नववीच्या वर्गास आम्ही प्रत्येकी एक कोरी वही देण्याचा प्रघात पाडला आहे. तीत गुण दिले जात नाहीत. महिन्यातून एकदा आम्ही ती वाचतो, आणि शेवटी शेरा न लिहिता विद्यार्थ्यास एक प्रश्न लिहून परत करतो. आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याने गेल्या नाताळात भेटावयास आला असता आपली मोडीची पहिली वही आम्हांस दिली. तीतील कोऱ्या जागा आता बहुतेक भरल्या आहेत. ती आम्ही वर्गातील कपाटात ठेवली आहे. ज्यास पाहावयाची असेल त्याने मागून घ्यावी.